कवटीचे मोजमाप आणि इरावतीबाईंचा निष्कर्ष



पनवेलहून रोह्याकडे येणाऱ्या लोहमार्गावर नागोठणे मागे पडले की रोह्याच्या अलीकडे निडी हे लहानसे स्थानक लागते. जलद गाडीतील प्रवाशाला ते दिसते न दिसते तोच मागे जाते. पण दिव्याहून सावकाश येणाऱ्या गाडीचा डबा जर कोणी डोळे उघडे ठेवून पाहिला, तर या प्रदेशाचे सारे समाजजीवन त्या डब्यात बसलेले दिसते. आगरी, कोळी, कुणबी, मराठा, कातकरी, ब्राह्मण, बौद्ध, मुसलमान असे सर्व जण त्यात एकमेकांना खेटून बसलेले असतात. कोणाचे कपाळ रुंद, कोणाचे अरुंद. कोणाचे नाक सरळ, कोणाचे बसके. कोणाचे डोके मागे लांबलेले, तर कोणाचे पाठीमागून थापटून सपाट केल्यासारखे. या चेहऱ्यांवरून जात ओळखण्याची पैज कोणी लावली, तर ती तो बहुधा हरेल. निदान दर दोन-तीन माणसांमागे एकदा तरी त्याची फजिती होईल.

परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी अशी पैज सरकारी खर्चाने लावली गेली होती. तिच्यासाठी पोलादी चिमटे आणि मोजपट्ट्या घेतलेले अधिकारी हिंदुस्थानभर फिरले, हजारो माणसांची डोकी आणि नाके मोजली गेली, आणि त्या आकड्यांतून आपल्या समाजाची एक शिडी उभी करण्यात आली. पुढे महाराष्ट्रातील एका विदुषीने थेट बर्लिनमध्ये जाऊन त्याच चिमट्यांनी कवट्या मोजल्या आणि अगदी वेगळे उत्तर काढले. त्या विदुषी म्हणजे डॉ. इरावती कर्वे. 'युगान्त'च्या लेखिका म्हणून त्या घराघरांत ठाऊक आहेत. कवटीमापन करणाऱ्या शास्त्रज्ञ म्हणून मात्र त्यांची ओळख फारच थोड्यांना आहे. ती कथा समजण्यासाठी आधी कवटी म्हणजे काय आणि ती मोजतात कशी, हे थोडे पाहावे लागेल.

मानवी कवटीत बावीस हाडे असतात. आठ मेंदूभोवतीची आणि चौदा चेहऱ्याची. जन्मतः ही हाडे पूर्ण जुळलेली नसतात. तान्ह्या बाळाची टाळू भरवताना आजीच्या बोटाला जी मऊ जागा लागते, ती म्हणजे या हाडांमधली न भरलेली फट. डोक्याच्या पुढची टाळू साधारण दीड वर्षाच्या सुमारास भरते, मागची दोन-तीन महिन्यांतच. हाडे जिथे दातेरी रेघेने एकमेकांत गुंततात, त्या रेघांना सीवनी म्हणतात. गोधडीला टाके घालावेत तशी ही निसर्गाची शिवण असते. शिवणी जिथे एकमेकींना मिळतात, जिथे हाडाला उंचवटा असतो, जिथून रक्तवाहिनी वा मज्जातंतू बाहेर पडतो, त्या जागा म्हणजे कवटीवरील खुणेचे बिंदू. शरीररचनाशास्त्राने प्रत्येकाला नाव दिले आहे. नाकाच्या मुळाशी नेझियन, दोन भुवयांच्या मधला उंचवटा ग्लाबेला, पुढच्या टाळूच्या जागी ब्रेग्मा, मागच्या टाळूच्या जागी लॅम्डा. शेताच्या मोजणीत जसे हद्दीचे दगड, तसे हे बिंदू.

दगड पक्के असले तरच मोजणी खरी ठरते. कवटी हातात कशीही धरली तर मापे बदलतात. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन मानवशास्त्रज्ञांनी फ्रँकफुर्ट येथे एक पातळी ठरवून घेतली. दोन्ही कानांच्या छिद्रांची वरची कड आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड एका आडव्या पातळीत येतील अशी कवटी ठेवायची. यात एक बारकावा आहे. कान दोन्ही बाजूंचे, पण डोळ्याची खोबण मात्र फक्त डावी घेतली जाते. का? तर दोन खोबणींच्या खालच्या कडा बहुधा अगदी एका उंचीवर नसतातच. चारही बिंदू एका पातळीत बसवायला गेले तर कवटी बसायची नाही. मोजणीचा नियम करणाऱ्यांनीच पहिल्या पायरीवर मान्य करून टाकले की माणसाची डावी बाजू आणि उजवी बाजू सारखी नसते. हा बारकावा लक्षात ठेवावा. पुढे बर्लिनमध्ये त्याचे महत्त्व कळेल.

हे वैचित्र्य केवळ डाव्या-उजव्याचे नाही. बाळाच्या कपाळाच्या मधोमध एक उभी सीवनी असते. ती पहिल्या एक-दोन वर्षांत मिटते, पण शंभरात काही माणसांच्या कपाळात ती जन्मभर राहते. क्ष-किरण चित्रात ती दिसली तर अननुभवी डॉक्टर कपाळाचे हाड मोडले आहे असे समजू शकतो. काही कवट्यांत सीवनीच्या मध्येच लहान लहान जादा हाडे आढळतात. पाठीमागच्या अशाच एका मोठ्या जादा हाडाला युरोपीय संशोधकांनी 'इंका अस्थी' असे नाव दिले, कारण त्यांना ते प्रथम पेरू देशातील कवट्यांत ठळकपणे दिसले. नंतर ते जगातल्या सर्व मानवसमूहांत सापडले. नाव मात्र तसेच राहिले. भुवईखाली कपाळाचा मज्जातंतू जिथून बाहेर येतो तिथे कोणाच्या हाडात छिद्र असते, कोणाच्या हाडात नुसती खाच. एकाच माणसाच्या एका भुवईखाली छिद्र आणि दुसरीखाली खाच असेही वारंवार आढळते.

एवढ्या बारीक गोष्टींचे प्रयोजन काय, असा प्रश्न येथे कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर निडीपासून फार दूर नाही. मुंबई-गोवा महामार्ग याच पट्ट्यातून जातो आणि त्यावरचे अपघात येथील प्रत्येक कुटुंबाला ठाऊक आहेत. दुचाकीवरून पडलेला तरुण उठून बसतो, पाणी मागतो, 'काही नाही झाले' म्हणतो. नातेवाईक सुटकेचा निःश्वास टाकतात. दोन-चार तासांनी तो गुंगू लागतो, ओकतो, एका डोळ्याची बाहुली मोठी होते. अशा वेळी पुष्कळदा दोष असतो कानशिलाच्या आतला. कानशिलावर, गालाच्या हाडाच्या कमानीपासून सुमारे चार सेंटिमीटर वर, कपाळाचे, माथ्याचे, कानाकडचे आणि कवटीच्या तळाचे अशी चार हाडे एकमेकांजवळ येतात. त्या जागेला टेरिऑन म्हणतात. येथे हाड पातळ असते आणि त्याच्या आतल्या अंगाला चिकटून मेंदूच्या आवरणाची धमनी जाते. हाडाला तडा गेला आणि धमनी फाटली की हाड आणि आवरण यांच्यामध्ये रक्त साचते. मधला शुद्धीचा काळ हा फसवा असतो. तेवढ्या वेळात रुग्णालय गाठले, रक्त काढले, तर माणूस वाचतो.

आता शल्यचिकित्सकाला ही जागा बाहेरून शोधायची असते. पुस्तकात चार सेंटिमीटर लिहिले आहे, पण टेबलावरच्या माणसाचे ते अंतर साडेतीन असू शकते. चार हाडे एकमेकांना मिळण्याचे चार प्रकार आहेत. काहींत मध्ये एक जादा हाडही असते. तीच गोष्ट कानामागच्या अ‍ॅस्टेरिऑन या बिंदूची. त्याच्या आत मेंदूतले रक्त वाहून नेणारी मोठी शीर वळण घेते. कोणात ती बरोबर त्या बिंदूखाली असते, कोणात खाली, तर कोणात वर. शिवाय बहुतेकांत उजव्या बाजूची शीर डावीपेक्षा मोठी असते. येथे छिद्र पाडताना काही मिलिमीटरची चूक म्हणजे रक्ताचा पूर. दंतवैद्य जबडा बधिर करतो तेव्हाही सुई कोठे टोचावी हे हनुवटीजवळच्या एका छिद्राच्या जागेवरून ठरते, आणि ती जागाही माणसागणिक सरकते. म्हणूनच महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या शरीररचना विभागांत विद्यार्थी आजही वाळलेल्या कवट्या घेऊन मिलिमीटरच्या हिशेबाने ही अंतरे मोजत असतात. युरोपातील माणसांवर घेतलेली सरासरी येथील रुग्णाला लागू पडेलच असे नाही. आणि येथील सरासरीही येथील प्रत्येक रुग्णाला लागू पडत नाही.

ही दृष्टी आपल्याकडे नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात १०७ मर्मे सांगितली आहेत. त्यांपैकी कानशिलावरील 'शंख' या मर्माला सद्यःप्राणहर म्हटले आहे, म्हणजे तेथील आघाताने तत्काळ प्राण जातो. डोक्याच्या हाडांच्या पाच सांध्यांना 'सीमंत' असे नाव आहे. मर्मांची मापे अंगुळांत दिली आहेत आणि ती अंगुळे ज्याची त्याची स्वतःची धरायची आहेत. प्रमाण माणसाबाहेर ठेवलेले नाही, ज्याचे शरीर त्याचीच मोजपट्टी. यावरून सुश्रुताला आतली धमनी ठाऊक होती असे म्हणणे हा मात्र अतिउत्साह ठरेल. ग्रंथात तसे नाही. वेदवादी ३६० अस्थी मानतात, शल्यतंत्रात मात्र ३०० आहेत, असा मतभेद त्याने प्रामाणिकपणे नोंदवला आहे. आजची प्रौढ माणसातील संख्या २०६ आहे. मृतदेह वाहत्या पाण्यात ठेवून थर थर उलगडत पाहावा, असे सांगणाऱ्या त्या आचार्याचा गौरव त्याच्या पद्धतीसाठी करावा. त्याच्या तोंडी आजचे शोध घालून नव्हे.

मोजणे ही कला बरे करण्यासाठी होती. ती क्रमवारी लावण्यासाठी कशी वापरली गेली, हे आता पाहू.

स्वीडनच्या आन्द्रेस रेट्झियस याने १८४२ च्या सुमारास एक सोपे सूत्र मांडले. डोक्याची रुंदी शंभराने गुणायची आणि लांबीने भागायची. उत्तर पंच्याहत्तरच्या खाली आले तर लांब डोके, ऐंशीच्या वर आले तर रुंद डोके. हा झाला शीर्षनिर्देशांक. नाकालाही तोच न्याय लावला गेला. हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने बंगालमधील जाती-जमातींची मोजमापे घेऊन १८९१ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला आणि असा सिद्धान्त मांडला की जातीची सामाजिक प्रतिष्ठा तिच्या नाकाच्या सरासरी रुंदीच्या व्यस्त प्रमाणात असते. नाक जितके रुंद, जात तितकी खालची! हाच रिस्ले १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त झाला, आणि त्या जनगणनेत जातींना सामाजिक श्रेष्ठतेच्या क्रमाने मांडण्याचा घाट घातला गेला. आपली जात वरच्या पायरीवर लिहावी म्हणून सरकारदरबारी अर्जांचे ढीग पडले. ज्या समाजात जातीचा जाच आधीच होता, त्याला आता 'शास्त्रीय' शिक्का मिळाला. हा जाच इंग्रजांनी निर्माण केला असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. पण त्यांनी तो हाडांत कोरून ठेवण्याचा प्रयत्न केला, एवढे निश्चित.

रिस्लेला पहिले समर्थ उत्तर मुंबई विद्यापीठातून मिळाले. समाजशास्त्राचे प्राध्यापक डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात जमलेले आकडेच प्रांतवार मांडून दाखवले की गंगेच्या मध्यखोऱ्याबाहेर हे सूत्र टिकत नाही. महाराष्ट्रात तर नाक आणि जातीची पायरी यांचा मेळ लागत नाही. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या उगमावरील १९४८ च्या ग्रंथात घुर्यांची हीच कोष्टके हाती घेतली. त्यांचा युक्तिवाद वकिली थाटाचा आणि बिनतोड होता. मानवमिती हे वंश ठरवण्याचे शास्त्र आहे असे जर मानायचे, तर त्याच शास्त्राप्रमाणे ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. मग अस्पृश्यतेला वांशिक आधार उरतो कोठे? प्रतिपक्षाचीच मोजपट्टी घेऊन बाबासाहेबांनी त्याचा दावा मोजला आणि तो भरला नाही.

दुसरे उत्तर गणिताचे होते, आणि त्याची सुरुवात नागपूरला झाली. १९२० साली नागपुरात भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेच्या अधिवेशनात प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी तरुण प्रशांतचंद्र महालनोबिस यांना कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांची मोजमापे तपासण्यास सांगितले. त्यातून पुढे महालनोबिसांनी, एका मापावरून नव्हे तर अनेक मापांचा परस्परसंबंध लक्षात घेऊन दोन समूहांतील अंतर काढण्याची रीत १९३६ मध्ये सिद्ध केली. रिस्लेच्या आकड्यांतील चुकाही त्यांनी दुरुस्त करून दाखवल्या. माणसाच्या डोक्यांपासून निघालेले हे 'महालनोबिस अंतर' आज जगभर सांख्यिकीत वापरले जाते. नाके मोजून जे साधायचे होते ते साधले नाही, पण हाती लागले ते कितीतरी मोलाचे होते.

आणि आता बर्लिन.

इरावतीबाईंचा जन्म १९०५ सालचा, ब्रह्मदेशातील. तेथील इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. वडील गणेश हरी करमरकर तेथे नोकरीस होते. लहानपणी त्या पुण्याला आल्या, हुजूरपागेत शिकल्या, फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाल्या आणि घुर्यांच्या हाताखाली चित्पावन समाजावर प्रबंध लिहून एम. ए. झाल्या. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र, रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर कर्वे हे त्यांचे पती. स्त्रीशिक्षणासाठी सारे आयुष्य वेचलेल्या महर्षींना सुनेने जर्मनीला जाणे मात्र रुचले नव्हते. दिनकररावांनी पत्नीच्या जाण्याचा आग्रह धरला, आणि त्या गेल्या. स्त्रीशिक्षणाचा प्रवर्तकही आपल्या घरच्या उंबरठ्यापाशी क्षणभर थबकतो, हे पाहिले की समाजसुधारणा किती अवघड असते ते कळते.

बर्लिनच्या डालेम उपनगरात १९२७ मध्ये मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजनन यांची कैसर विल्हेल्म संस्था सुरू झाली होती. तिचे संचालक प्रा. ऑयगेन फिशर हे इरावतीबाईंचे मार्गदर्शक. फिशर हे साधे नाव नव्हते. नैर्ऋत्य आफ्रिकेतील जर्मन वसाहतीत मिश्र विवाहांतून झालेल्या संततीचा अभ्यास करून त्यांनी १९१३ मध्ये पुस्तक लिहिले होते, आणि वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराचे ते अध्वर्यू होते. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर हेच फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्या संस्थेचे शास्त्रज्ञ पुढे माणसांची सक्तीने नसबंदी करण्याच्या पापात सहभागी झाले.

विशेष म्हणजे याच बर्लिनने त्याआधी वेगळा धडा पाहिला होता. प्रख्यात रोगनिदानतज्ज्ञ रूडॉल्फ फिर्चो यांनी १८७० च्या दशकात जर्मनीतील सुमारे ६७ लाख शाळकरी मुलांच्या केसांचे आणि डोळ्यांचे रंग नोंदवून घेतले होते. शुद्ध जर्मन वंश शोधू जाता जर्मनीभर मिसळच मिसळ आढळली. ज्यू मुलांतही निळ्या डोळ्यांची आणि पिंगट केसांची मुले निघाली. आकडे छापले गेले. पण ज्यांना वंश हवा होता त्यांनी ते वाचले नाहीत.

फिशर यांचे गृहीतक असे की युरोपीय माणसाची कवटी अधिक असमान असते. उजव्या बाजूचा पुढचा भाग मोठा, कारण आत बुद्धीचे स्थान असलेला मेंदूचा भाग मोठा. युरोपबाहेरच्या 'मागास' समूहांत हा फरक कमी असणार, असा त्यांचा तर्क होता. मानवी कवटीची स्वाभाविक असमानता हाच विषय त्यांनी आपल्या हिंदू विद्यार्थिनीला दिला. संस्थेच्या हाताशी असलेल्या संग्रहांत वसाहतींतून आणलेल्या कवट्यांचे ढीगच होते. तळघरासारख्या त्या दालनात पंचविशीच्या आतली ही मराठी तरुणी सुमारे दीडशे कवट्या एकेक करून हातात घेत होती, फ्रँकफुर्टच्या पातळीत बसवत होती, डावीकडचे माप आणि उजवीकडचे माप लिहीत होती.

निष्कर्ष काय निघाला? कवट्या असमान होत्या, हे खरे. पण ती असमानता सर्वच समूहांत होती. वंश आणि असमानता यांचा संबंध आकड्यांत दिसत नव्हता. गुरूचे गृहीतक, गुरूच्याच संस्थेत, गुरूनेच शिकवलेल्या पद्धतीने खोटे ठरले होते. परक्या देशात, पदवी ज्याच्या हातात आहे त्याच्यासमोर, एका गुलाम देशाच्या विद्यार्थिनीला हे लिहायचे होते. आकडे थोडे इकडचे तिकडे करणे अवघड नव्हते. काही कवट्या 'अपवाद' म्हणून बाजूला काढता आल्या असत्या. शास्त्राच्या इतिहासात असे करणाऱ्यांची वाण नाही. इरावतीबाईंनी आढळले ते लिहिले. १९३० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. ऊर्मिला देशपांडे आणि थियागो पिंटो बार्बोसा यांनी लिहिलेले त्यांचे इंग्रजी चरित्र २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यानंतर हा प्रसंग सर्वदूर पोहोचला. फिशर यांनी या प्रबंधाला अगदी खालची श्रेणी दिल्याचेही त्यातून लोकांना कळले.

आज मेंदूची चित्रे घेता येतात. त्यांत दिसते ते असे : उजवीकडे पुढे आणि डावीकडे मागे किंचित झुकाव बहुसंख्य माणसांच्या मेंदूत असतो. म्हणजे फिशर यांचे निरीक्षण अगदीच निराधार नव्हते. त्यांची चूक एवढीच, की जे साऱ्या मानवजातीचे होते त्यावर त्यांनी आपल्या मालकीची पाटी लावली.

इरावतीबाई परतल्या आणि १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या. चिमटे त्यांनी टाकून दिले नाहीत. डॉ. हसमुख सांकलिया यांच्याबरोबर १९४४ साली गुजरातेतील लांघणज येथे उत्खनन झाले, तेव्हा तेथील प्राचीन मानवी सांगाड्यांचा अभ्यास त्यांनी मुंबईतील शरीररचनाशास्त्रज्ञ डॉ. जी. एम. कुरूलकर यांच्यासह केला. जिवंत माणसांची मोजमापे घेत त्या महाराष्ट्रभर हिंडल्या. बस, बैलगाडी, पायवाट, काहीही वर्ज्य नव्हते. सांख्यिकीची बाजू सांभाळणाऱ्या वि. म. दांडेकर यांच्यासह त्यांनी महाराष्ट्राच्या मानवमितीचा ग्रंथ १९५१ मध्ये प्रसिद्ध केला.

त्यातून त्यांना जे दिसले, ते रिस्लेला धक्का देणारे होते. आणि गंमत अशी की त्यांचे गुरू घुर्ये यांनाही. घुर्यांसह अनेकांचे मत असे, की मूळ एक जात होती आणि ती फुटून पोटजाती झाल्या. इरावतीबाईंची मापे वेगळेच सांगत होती. महाराष्ट्रात 'कुंभार' या एका नावाखाली जे अनेक समूह आहेत, ते शरीराच्या मापांत एकमेकांपासून दूर होते. त्यांचा धंदा सारखा होता, पण कुळी सारखी नव्हती. ब्राह्मणांचेही तेच. चित्पावन, देशस्थ ऋग्वेदी, माध्यंदिन अशा समूहांची मापे एका साच्यातली निघाली नाहीत. डॉ. कैलाश मल्होत्रा यांच्याबरोबर आठ ब्राह्मण समूहांची तुलना करणारा त्यांचा शोधनिबंध १९६८ मध्ये आला. त्यांचे प्रतिपादन असे, की पुष्कळशा 'जाती' म्हणजे फुटून वेगळी झालेली भावंडे नसून निरनिराळ्या वाटांनी येऊन एका नावाखाली शेजारी बसलेली घराणी आहेत. वर बसलेल्यांत एक रक्त आणि खाली बसलेल्यांत दुसरे, ही कल्पना या आकड्यांपुढे उभी राहू शकत नव्हती. निडीच्या गाडीत शेजारी शेजारी बसलेल्या त्या चेहऱ्यांचे कोडे येथे थोडेसे उलगडते.

इरावतीबाईंवर टीका झाली आहे आणि ती सर्वस्वी अनाठायी नाही. वंशश्रेष्ठत्व त्यांनी नाकारले, पण माणसांचे समूह डोक्याच्या मापांनी वेगळे ओळखता येतात ही बर्लिनची चौकट त्यांनी पूर्णपणे सोडली नाही. मापावर आहाराचा, हवामानाचा परिणाम होतो, हे त्यांच्या आधीच दाखवले गेले होते. फ्रान्झ बोआस यांनी अमेरिकेत स्थायिक झालेल्या सुमारे अठरा हजार स्थलांतरितांची व त्यांच्या मुलांची डोकी मोजून १९१२ मध्ये दाखवले होते की एकाच पिढीत शीर्षनिर्देशांक सरकतो. किती सरकतो याविषयी या शतकाच्या आरंभी पुन्हा वाद झाला. तो सरकतो याविषयी मात्र फारसा वाद नाही. नाकाची रुंदीही हवेच्या उष्णतेशी आणि ओलाव्याशी निगडित असल्याचे १९२३ मध्येच दाखवले गेले होते. पिढ्यान् पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या कातकऱ्याची उंची मोजून ती त्याच्या 'वंशाची' म्हणणे हा शास्त्राचाही अन्याय आणि माणुसकीचाही. पूर्वजांचा शोध आता डीएनएच्या आधारे घेतला जातो. २०१९ साली राखीगढी येथील सांगाड्याविषयी डेक्कन कॉलेजच्या डॉ. वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखालील शोधनिबंध आणि मध्य आशियातील गवताळ प्रदेशांतून भारतात आलेल्या वंशधारेविषयीचा दुसरा शोधनिबंध एकाच वेळी प्रसिद्ध झाले, आणि त्यांच्या अन्वयार्थाची चर्चा अजून चालू आहे. ती अभ्यासकांनी पुराव्यानिशी करावी. एवढे मात्र खरे, की त्या वादात नाकाच्या रुंदीला कोणी साक्षीला बोलावत नाही.

शेवटी त्या कवट्यांविषयी. बर्लिनच्या कपाटांतल्या कवट्या कोणीतरी कोणाच्या तरी थडग्यातून, कधी वधस्तंभावरून, न विचारता उचललेल्या होत्या. त्यांनाही आईबाप होते, गाव होते. २०११ मध्ये बर्लिनच्या शारिते रुग्णालयाने वीस कवट्या नामिबियाला परत केल्या. पूर्व आफ्रिकेतील सुमारे अकराशे कवट्या कोठून आल्या याचा शोध घेऊन २०२३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधील एका लिलावात नागा बांधवाची कवटी विक्रीस निघाली होती. नागालँडमधून निषेध झाल्यावर ती मागे घेतली गेली. आपला देशही या व्यापारापासून अलिप्त नव्हता. जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना कित्येक दशके कलकत्त्याहून सांगाडे जात होते. ते बहुतांशी गरिबांचे, बेवारसांचे होते. १९८५ मध्ये सरकारने ही निर्यात बंद केली.

महाराष्ट्रात १९४९ च्या शरीररचना कायद्यान्वये बेवारस मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयांना मिळतात. त्याला अधिक सन्माननीय पर्याय देहदानाचा आहे. अलिबागला २०२१ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. रायगडच्या मुला-मुलींना आता शरीररचना शिकायला मुंबईच गाठावी लागत नाही. मृत्यूनंतर आपला देह त्यांच्या हाती देण्याचा संकल्प जिवंतपणी लिहून ठेवता येतो, घरच्यांशी बोलून ठेवता येतो. दधीचीची कथा कीर्तनात ऐकून माना डोलावणाऱ्या समाजाला हा विचार परका वाटू नये. तरी गावोगावी तो अजून परकाच आहे. दहाव्याचे काय, राखेचे काय, हे प्रश्न खरे आहेत आणि ते हसण्यावारी नेण्याने सुटणार नाहीत.

असा दान केलेला देह अभ्यासून झाल्यावर कधीतरी त्यातील कवटी स्वच्छ करून टेबलावर येते. जातीची चिठ्ठी तिच्यावर नसते. पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी ती दोन्ही हातांनी उचलते, डाव्या डोळ्याच्या खोबणीवरून पातळी साधते, आणि कॅलिपर लावते. तिच्या वहीत प्रत्येक मापासाठी दोन रकाने आखलेले असतात, एक डाव्या बाजूचा आणि एक उजव्या.